घरी विचारून या

भाऊ, तुमच्या तेरवीला मी दुसऱ्यांदा भात घेतला नाही म्हणून शोभावहिनी रागावल्या. अंगणात एवढी माणसं जेवायला बसलेली, आणि बाईंचं लक्ष माझ्या पानावर. "तुयासंग भांडाले आता हे नाहीत, त मी भांडीन," म्हणाल्या. मी मुकाट्यानं भात घेतला. तुमच्याशी भांडताना एवढ्या लवकर हार मानल्याचं मला आठवत नाही.

आपला एक वाद अर्धाच राहिला, म्हणून हे लिहिते आहे. तुमचा जन्म, शिक्षण, समाजकार्य वगैरे आपल्या बागायतदार गटाच्या लोकांनी फलकावर लिहिलंच आहे. फोटोही कोणता निवडला, तर कुणाच्या तरी लग्नातला फेटेवाला. तुम्ही पाहिला असतात तर म्हणाला असतात, "हा कोन पाटील आहे बाप्पा?" मला त्या फोटोपुढं हात जोडवेनात. मी आपली मागं खुर्च्या लावत राहिले.

पांढुर्ण्यात तुमचा कॉम्प्युटर क्लास होता तेव्हा तुम्ही माझे सर होतात. नागपूरला शिकून, तिथं नोकरी करून मी आईच्या दुखण्यापायी परत आले, तोवर क्लास बंद पडला होता. कृषी केंद्राच्या माडीवर एक टेबल टाकून तुम्ही संत्रा बागायतदारांच्या गटाचं काम घेऊन बसला होतात. मी सहज भेटायला आले, तर तुम्ही दुसरी खुर्ची पुसून पुढं केली. "बस. आता एकाच टेबलावर काम करायचं आहे, त सर म्हनू नको. भाऊ म्हन." भाऊ म्हणायला मला फार दिवस लागले. मनातून तर ते कधी जमलंच नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

काम काय होतं, तर तोड्याचा मेळ घालायचा. कोणत्या बागेत कोणत्या दिवशी संत्री तोडायची, तोडणाऱ्यांची कोणती टोळी जाणार, कोणती गाडी. आधी हे सगळं फोनवर चालायचं आणि रोज कुठंतरी फसायचं. टोळी तिगावच्या बागेत बसलेली, गाडी सौंसरच्या चौकात उभी, आणि दोघंही एकमेकांना शिव्या घालताहेत. तुम्ही म्हणालात, याचं एक ॲप करू. ॲप काय, फोनवरचा चेहरा. खरी मेहनत मागच्या सर्व्हरवरची. ॲपला काही विचारायचं असलं की ते सर्व्हरच्या एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन विचारतं. बागेची माहिती एका पत्त्यावर, गाडीची दुसऱ्या, टोळीची तिसऱ्या. या पत्त्यांना आपण रूट म्हणतो. ते रूट बांधायचं आपलं काम.

पहिल्याच दिवशी आपली जुंपली. मी नागपूरहून मोठ्या फ्रेमवर्कची, म्हणजे प्रोग्रामच्या तयार सांगाड्याची, सवय घेऊन आले होते. तुम्ही मात्र जावास्क्रिप्टचं एक हलकं, आटोपशीर फ्रेमवर्क निवडून बसला होतात. मी नाक मुरडलं, तर म्हणालात, "पोरगी पाहाले जाऊन राहिलो आपन. आतापासूनच वरात कायले न्यायची?" त्यात तुमचा हट्ट असा, की प्रत्येक गोष्टीचा वेगळा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा स्वतंत्र कप्पा, पाहिजे. बागेचा क्लास, गाडीचा क्लास, टोळीचा क्लास. आपापल्या पत्त्यावर कुणी आलं तर काय उत्तर द्यायचं ते ज्याचं त्यानं पाहायचं. मला वाटायचं, एका फाइलीत सरळ फंक्शन लिहून मोकळं व्हावं, चार ओळींच्या कामाला एवढा थाट कशाला?

"अवं, उद्या गाडीत काही बिघडलं, त तू सगळं घर उपसशीन. मी फक्त गाडीच्या खोलीत जाईन."

"पण खोल्या बांधता बांधता हंगाम निघून जाईल त्याचं काय?"

"हंगाम दर वर्षी येते. तू घाई नको करू."

क्लासची नावंही मराठी. बाग, गाडी, टोळी, शेतकरी. बाहेरच्या कुणी वाचलं तर त्याला काय कळणार, असं मी विचारलं. "बाहेरचा कायले वाचाले येते? वाचन त इथलाच वाचन," तुम्ही म्हणालात, आणि तो विषय तिथंच संपला.

तुम्ही नेहमीच बरोबर नव्हतात, हेही आज लिहून ठेवते. गेलेल्या माणसाला शहाणं करून टाकायची आपल्याकडं फार घाई असते. पहिल्या हंगामात ॲप सुरू झालं आणि सकाळपासून फोन खणखणायला लागले. आजचा तोडा कुठं, असं कुणीही पाहायला गेलं की पडद्यावर उत्तर यायचं, 'आज नावाची बाग सापडली नाही.' तिगावच्या एका म्हाताऱ्या बागायतदारांनी फोन करून विचारलं, "हा आज कोन आहे बाप्पा? आमच्या गावात त या नावाचा कोनी नाही." तुम्ही बागेच्या नावाचा रूट वर लिहिला होता आणि आजच्या तोड्याचा खाली. सर्व्हर वरून खाली वाचत येतो. पहिल्या दारात शिरला आणि 'आज' हेच बागेचं नाव समजून शोधत बसला. मी दोन्हींची जागा बदलली आणि जितकं म्हणून मिरवता येईल तितकं मिरवलं. तुम्ही खुर्चीत मागं रेलून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. खाली कृषी केंद्रातले लोक वर पाहायला आले.

आणखी एक भांडण मेसेजवरून झालं. तोड्याच्या आदल्या दिवशी सकाळी ॲप बागवाल्याला विचारतं, 'नमस्कार, उद्या तुमच्या बागेत तोडा आहे. चालेल?' त्यानं 'हो' दाबलं की टोळी आणि गाडी नक्की. 'नाही' दाबलं तर टोळी पुढच्या बागेत, आणि काहीच दाबलं नाही तर टोळीचा तो दिवस खोळंबतो. मी नमस्काराच्या पुढं नुसतं नाव घातलं होतं. तुम्ही म्हणालात, नाव आणि त्याच्यापुढचं नाव, दोन्ही पाहिजे. पुरुषाचं असेल तर बापाचं, बाईचं असेल तर नवऱ्याचं, जे लावत असतील ते. "गावात तीन दिवाकर आहेत. नुसतं दिवाकर म्हनलं त कोन ओ देईन?" मला ती शाळेतली हजेरी वाटायची. तरी तुम्ही ते करून घेतलंतच. तेव्हापासून तुम्हाला स्वतःलाही मेसेज यायचा, 'नमस्कार दिवाकर तुकाराम.' स्वतःच लिहिलेल्या प्रोग्रामला तुम्ही माडीवरून मोठ्यानं "हाजिर" म्हणायचात.

आता तो खरा वाद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीची दगडफेक असते, तेव्हा पांढुर्णा बंद असतं. आपण त्या दिवशी सौंसरजवळ तुमच्या बागेतल्या घरी काम करायचो, आणि वहिनी पातोडीची भाजी करायच्या. त्या दिवशी ओसरीवर लॅपटॉप ठेवून मी तुम्हाला धारेवर धरलं. रूटच्या एका पत्त्यावर चार कामं होऊ शकतात. माहिती मागणं, नवी नोंद घालणं, असलेली बदलणं आणि नोंद काढून टाकणं. तुमच्या एकाही क्लासात चौथं काम नव्हतं.

"डिलीट कुठं आहे?"

"नाही लिहिलं."

"विसरलात?"

"विसरलो नाही. लिहिलंच नाही."

मी म्हटलं, हे काय खूळ? माणूस गट सोडतो, गाडी विकली जाते, टोळी फुटते. तुम्ही म्हणालात, मग तसं लिहायचं, गाडी आता नाही म्हणून. होती हे कशाला पुसायचं? बागेतलं झाड मेलं तरी ओळीत त्याची जागा राहतेच ना. मी हट्टाला पेटले होते. म्हणून बसले, "आणि माणूसच मेला तर?"

वहिनी आतून बाहेर आल्या होत्या, हातात भाकरीची टोपली. तुम्ही एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "तवाचं तवा पाहू," म्हणालात, आणि जेवायला उठलात.

जेवण झाल्यावर तुम्ही लॅपटॉप ओढलात आणि मूळ क्लास उघडलात. बाग, गाडी, टोळी हे सगळे त्या मूळ क्लासची लेकरं. लेकराला एखादं काम येत नसेल तर उत्तर आई देते, अशी ती रचना. तिथं फ्रेमवर्कचं एक कोरडं इंग्रजी वाक्य होतं, ही पद्धत चालत नाही अशा अर्थाचं. ते खोडून तुम्ही लिहिलंत, 'हे काम इथं होत नाही. घरी विचारून या.'

मी तर उखडलेच. सर्व्हर कुणाला घरी पाठवतो का? वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या, कारण ते वाक्य त्यांनाही पाठ होतं. बाग उपटून टाकतो, हिश्शाची वाटणी करतो, पोरीचं शिक्षण बंद करतो, असं तडकाफडकी काही ठरवून माडीवर येणाऱ्या माणसाला तुम्ही हेच सांगायचात. त्यातले अर्धे परत यायचेच नाहीत. उरलेले येऊन म्हणायचे, "राहू द्या भाऊ, घरी नाही म्हनतात."

म्हणजे वाद राहिलाच. तुम्ही डिलीट लिहिलं नाहीत, आणि माणूस मेल्यावर काय, याचं उत्तरही दिलं नाहीत. आपण दुसऱ्या कामाला लागलो. वेळ भरपूर आहे, असं वाटत होतं.

तेरवीनंतर मी माडीवर गेले. तुमच्या खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून मीच तिच्यावर माझी पर्स ठेवली. आंबिया बहाराचा तोडा ऐन भरात आलेला. गटाचा सगळा कारभार पाहणारे नानाजी जिना चढून वर आले, पाणी प्याले, आणि मान खाली घालून म्हणाले, "वर्षा, एक सांगू का? भाऊचं नाव काढून टाक. लाइन अटकून राहिली."

मला आधी समजेना. मग त्यांनी सांगितलं. तुमच्या बागेची पाळी आली आहे. ॲप रोज सकाळी तुम्हाला विचारतं, चालेल का? कुणी 'हो' म्हणत नाही. टोळी दिवसभर वाट पाहते, पाळी तुमच्यावरच राहते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इकडं संत्री पिकून गळायला लागलेली. नाव काढलं की पाळी पुढं सरकेल, बाकीच्यांचं अडणार नाही. आणि तुमची बाग? ती तुमच्याच नावाला बांधलेली. तुम्ही गेलात की तीही जाणार, आणि नव्या नावानं घातली तर रांगेत सगळ्यांच्या मागं. तिची पाळी येईपर्यंत झाडावर काही उरलं नसतं. नानाजींचा दोष नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि फोनवर बाकीचे बागवाले ओरडत होते.

म्हणजे वाद मी जिंकला होता, भाऊ. मी म्हणत होते तेच झालं. माणूस मेल्यावर डिलीट लागतंच. हे असं जिंकणं मला नको होतं.

लिहायला बसले. नवं काही लिहिण्याआधी आहे ते काय उत्तर देतं हे तपासायचं, ही सवय तुम्हीच लावलेली. म्हणून शेतकऱ्यांच्या पत्त्यावर तुमचं नाव घालून मी काढून टाकण्याची विनंती पाठवली. लगेच उत्तर आलं.

'हे काम इथं होत नाही. घरी विचारून या.'

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मग हसू आलं, मग पुन्हा रडले. खाली कृषी केंद्रातले लोक यावेळी वर आले नाहीत. समजूतदार आहेत बिचारे.

डेटाबेसमध्ये थेट हात घालून तुमची ओळ पुसता आली असती. ते मागच्या दारानं शिरणं तुम्हाला खपायचं नाही. शिवाय तुम्ही इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. लॅपटॉप पिशवीत घातला आणि दुपारची सौंसरची बस धरली. जामसांवलीच्या मारुतीचा फाटा आला तशी नकळत सरसावून बसले. तिथं तुम्ही बोलता बोलता मध्येच थांबायचात, डोळे मिटून हात जोडायचात, आणि अर्धवट सुटलेलं वाक्य बरोबर तिथूनच पुढं सुरू करायचात. मी हात जोडले. पुढं सुरू करायला माझ्याकडं वाक्य नव्हतं.

वहिनी बागेतच होत्या. गळलेली संत्री टोपल्यात भरत होत्या. खाली पडलेल्या फळाचा तो आंबूस वास तुमच्या जिवाला किती लागायचा, ते आठवलं. मीही वाकून वेचायला लागले. मग हळूच विचारलं, "वहिनी, भाऊंच्या फोनवर रोज मेसेज येतो ना?"

"येते ना. चार्जिंग करून ठेवतो मी. सकाळी वाजला का पाहातो."

"मग 'हो' का नाही दाबलं? टोळी आली असती."

वहिनी उभ्या राहिल्या. "त्याहीले विचारून राहिला थो. त्याहीच्या नावानं मी कशी हो म्हनू? मले कोनी विचारलंच कुठं?"

एवढं सगळं आपण बांधलं, भाऊ. प्रत्येक गोष्टीला स्वतःची खोली दिली. आणि या बाईला विचारायला कुठं जागाच ठेवली नाही.

मी त्यांना नानाजींचं म्हणणं सांगितलं. नाव काढावं लागेल, असं म्हटलं. वहिनींनी टोपलं बाजूला ठेवलं आणि मला हाताला धरून ओळीत पुढं नेलं. मध्येच एक लहान कलम होतं, बाजूच्या मोठ्या झाडांत अंग चोरून उभं असलेलं. "हे मागच्या साली लावलं. इथलं जुनं झाड वाळलं होतं. त्याहीनंच रिकाम्या जागेची नांगी भरली. जागा तेच आहे, आळं तेच, पानी तेच. आपन काही ओळ नाही मोडली." मग म्हणाल्या, "त्याहीचं नाव पुसू नको माय. पन मले विचाराले लाव. तोडा त कराच लागते."

मी तुमच्या ओसरीवर बसले. तिथंच, त्याच खांबाजवळ. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि त्या पुन्हा बागेत गेल्या. मी नवा क्लास लिहायला घेतला. सवयीनं हात एका साध्या फंक्शनकडं वळला होता, तो थांबवला. तुमच्याच मूळ क्लासचं लेकरू केलं, त्याला त्याची वेगळी खोली दिली, आणि नाव ठेवलं सोपवण. त्या पत्त्यावर एकच काम होतं. एकाची बाग दुसऱ्याच्या हाती द्यायची, पाळीसकट. आधीच्याची ओळ जागच्या जागी राहते, फक्त त्याला आता कुणी सकाळी उठवत नाही. तपासून पाहिलं. चाललं. एखादी चूक निघावी आणि तुम्हाला फोन करावा लागावा, असं फार वाटत होतं.

मग सोपवण चालवलं. तुमच्याकडून वहिनींकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडीवर होते. मेसेज जाण्याची वेळ झाली तेव्हा मी पडद्यासमोर बसून राहिले. तो मेसेज मी हजारदा पाहिलेला आहे. त्यातला एकही शब्द मी बदलला नव्हता. त्यात नाव कसं यायचं, त्या नावापुढं कोणतं नाव यायचं, ते तुम्ही माझ्याशी भांडून कधीच ठरवून ठेवलं होतं. तरी तो समोर आला तेव्हा मी तयार नव्हते.

'नमस्कार शोभा दिवाकर. उद्या तुमच्या बागेत तोडा आहे. चालेल?'

वहिनींना वेळ लागला. बहुतेक चष्मा शोधत असतील, किंवा नुसत्याच पाहत असतील. मी तुमच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. नानाजी जिन्यात थांबले होते, वर येत नव्हते. मग पडद्यावर 'हो' उमटलं, आणि टोळी, गाडी, सगळं आपापल्या जागी लागलं.

डिलीट अजून लिहिलेलं नाही, सर. घरी विचारून आले मी. घरी नाही म्हणतात.